उशिरा येणारा हात

लारिसाचा हात पुन्हा उशिरा आला.

सलोनीने बुटक्या बीमवर उलटी कोलांटी मारली, तिचे पाय बीमवर परत टेकले, आणि मग कुठे जिम्नॅस्टिक्सच्या शिक्षिकेचा हात तिच्या पाठीमागे वर गेला. वरच्या बाकावरून सलोनीच्या आईने, मंजूषाने, ते स्पष्ट पाहिलं. शाळेत असताना ती पुण्यात दोरीचा मल्लखांब करायची. तिथे दोरीवर मुलगी असली की खाली कुणीतरी उभं असायचंच, आणि त्याचे हात आधीच वर असायचे.

"ती धरतच नाही गं," मंजूषा म्हणाली.

"चहा घे," शेजारी बसलेली कीर्ती म्हणाली. तिची मुलगीही इथेच शिकत होती. "आल्मेरेसारख्या डच गावात दुसरी कुठली कोच मिळणारे तुला? आणि धरण्याचं काय सांगतेस, तिलाच कुणी धरलं नव्हतं म्हणे. चौदा वर्षांची असताना बीमवरून पडली. तेव्हापासून काठी."

"मग हिने तरी धरायला नको?"

खाली मुली बारला लोंबकळत होत्या. लारिसा काठी टेकत त्यांच्यासमोरून गेली. भिंतीवर तिच्या देशाच्या ऑलिंपिक खेळाडूंचे फोटो होते. मुलींचे हात दुखायला लागले की ती त्यांना या खेळाडूंबद्दल प्रश्न विचारायची.

"शेर्बो. बार्सिलोनात किती सुवर्णपदकं?"

"झेस!" मुली डचमध्ये ओरडल्या. सहा.

"कोर्बुत. म्युनिकला बीमवर काय केलं?"

"उलटी कोलांटी! सुवर्ण!"

"आणि उतरताना?"

"हसली!"

या प्रश्नाला लारिसाही हसायची. एरवी हसत नसे.

शनिवारी नायमेखनला स्पर्धा होती. उलटी कोलांटी उंच बीमवर जमली तरच सलोनी संघात राहणार होती, आणि उंच बीमवर ती आज पहिल्यांदाच करणार होती. घरी तिने जेवणाच्या टेबलावरही हात वर करून पाठ ताणायला सुरुवात केली होती. मंजूषाला मात्र रोज पहाटे स्वप्नात एकच दिसायचं: पोर मागे झुकते, आणि खाली कुणी नाही.

आणखी एक गोष्ट तिला खटकत होती. प्रत्येक उडीच्या आधी लारिसा हळूच काहीतरी पुटपुटायची. "स्तोय." सलोनीला विचारलं, तेव्हा ती सायकलचं कुलूप लावता लावता म्हणाली होती, "इट मीन्स थांब. पण ती मला नाही म्हणत, आई. शी सेज इट टु द अदर साइड."

"दुसऱ्या बाजूला कोण असतं?"

"नोबडी."

सलोनी उंच बीमवर चढली. लारिसाने काठी डाव्या हातात घेतली. तिची नजर बीमपलीकडे, गाद्यांच्या कडेला असलेल्या मोकळ्या जागेवर स्थिरावली. ओठ हलले.

मंजूषा उठली.

"अगं, पालकांना खाली परवानगी नाही!" कीर्ती मागून म्हणाली. मंजूषाने पायऱ्या उतरून बूट काढले. गादीच्या कडेला सवयीने हात लावून तो कपाळाला टेकवला, आणि ती सरळ त्या मोकळ्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिचे दोन्ही हात वर होते.

लारिसाचा चेहरा पांढरा पडला. ती मंजूषाकडे पाहत होती, पण ओळखल्यासारखी नाही.

"तिथून बाजूला व्हा," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज अगदी खाली गेला होता.

"तुमचा हात उशिरा येतो. मी रोज बघतेय."

"तो उशिराच येणार. मुलींना हात दिसावा लागतो, म्हणून मी तो फक्त दाखवते, लावत नाही. बाजूला व्हा."

"आई, प्लीज!" वरून सलोनीचा रडवेला आवाज आला. "सगळे बघतायत. गो अवे ना!"

"मी हलणार नाही," मंजूषा म्हणाली. "तू कर."

सलोनीने क्षणभर डोळे मिटले. मग हात वर नेले, गुडघे वाकवले आणि ती मागे झेपावली.

मंजूषाचे हात पुढे गेले. पोरीचा खांदा वाकडा झालाय असं तिला वाटलं. बोटं पाठीला लागणार तोच काठी खाली आदळली. एव्हाना बीमखालून लंगडत पलीकडे पोचलेल्या लारिसाने तिची दोन्ही मनगटं पकडली आणि सगळा भार टाकून तिला मागे खेचलं. दोघी गादीवर कोसळल्या.

वर धप्प असा आवाज झाला. मग बारखालच्या मुलींनी टाळ्या पिटल्या. सलोनी बीमवर उभी होती, दोन्ही पायांवर, आणि धापा टाकत खाली बघत होती.

"वेडी आहेस का तू?" मंजूषा मराठीतच ओरडली. मग तिने इंग्रजी शोधलं. "ती पडली असती तर? तुम्हाला तरी कळायला हवं! तुम्ही पडलात तेव्हा धरायला कुणी असतं, तर आज ही काठी नसती!"

लारिसाने मनगटं सोडली नव्हती.

"होतं," ती म्हणाली. "आत्ता तुम्ही उभ्या होतात, तिथेच. माझी आई."

मंजूषाने वर सलोनीकडे पाहिलं.

"मी पडत नव्हते," लारिसा म्हणाली. "तिने धरलं, म्हणून पडले."