गुंगीच्या गोळ्या

सुरतेतल्या उधन्याच्या गुजराती शाळेत चौथीत असलेली भावना दोन ओळी वाचल्या की उठायची, दाराशी जायची आणि पुस्तक तिथंच विसरायची. म्हणून तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला लक्ष टिकण्यासाठी गोळ्या सुरू केल्या होत्या.

त्या रविवारी तिचे वडील गजेंद्र कापडाच्या लूमवरून, कामावरून येताना गुजराती पेपर घेऊन आले. मोठ्या मथळ्याखाली अर्धवट मिटलेल्या डोळ्यांच्या एका मुलाचं चित्र होतं. गजेंद्र आणि भावनाची आई रंजना, दोघंही धुळ्याकडचे. गुजराती बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. बातमी वाचून घेतली. शेवटचं वाक्य ऐकताच गजेंद्र उठले आणि गोळ्यांची सगळी पाकिटं गटारात टाकून आले.

"मुलं दगडासारखी होतात म्हणे या गोळ्यांनी! माझ्या पोरीला गुंगीत नाही ठेवायचं मला. पेपरात छापून आलंय."

रंजनानं कपाळावर हात मारला. "अहो, पेपरातलं पोरगं दिसलं तुम्हाला, अन् समोर बसलेली आपली पोरगी नाही दिसली?"

 

ती अख्ख्या पानाची बातमी, एकदाही जागेवरून न उठता, भावनानंच वाचून दाखवली होती.