सुतकातली चाकं

ईस्टरच्या सकाळी ओर्लिंडानं गाडीवरची चादर ओढली आणि बघते तर काय, चारही चाकं काळी! काल संध्याकाळी लालभडक होती. कुणी केलं हे विचारायचीही गरज नव्हती. अंगणापलीकडच्या पायरीवर तिची सासू युफेमिया काळा झगा घालून ताठ बसली होती. उजव्या हाताचं पहिलं बोट फवाऱ्याच्या रंगानं माखलेलं. लपवण्याची तसदीसुद्धा घेतली नव्हती बाईनं.

"मीच केलं," सासू म्हणाली. "माझ्या बेर्तोला जाऊन पाच महिनेही झाले नाहीत. वर्षभराचं सुतक असतं. लाल चाकं मिरवत चर्चवरून जाणार तू?"

"सुतक मला आहे, आई. गाडीला नाही."

"माझ्या पोराची गाडी आहे ती."

"गाडी माझी! इंजिनापासून रंगापर्यंत मी उभी केलेली. तो शेजारी बसून गाणी बदलायचा, बस." तिनं हातातली चादर जमिनीवर आपटली.

बाराला मिरवणूक होती. खोऱ्यातल्या सगळ्या बुटक्या गाड्या निघायच्या, जमिनीला पोट घासत, मधूनच बटण दाबून डिकीतल्या पंपांनी एकेक कोपरा उचलत. आज घरी बसले तर उरलेले सात महिनेही घरीच बसवतील, हे ओर्लिंडाला पक्कं ठाऊक होतं.

मैत्रीण प्रिसिला धावत आली ती नेलपॉलिश काढायची मोठी बाटली घेऊनच. "हे लाव गं, दोन मिनिटांत साफ!"

"हात लावून तर बघ! खालच्या लालचीही वाट लागेल त्यानं."

खालचा लाल म्हणजे पूड उडवून भट्टीत भाजलेला रंग. वरचा काळा नुसता डब्यातला, एका रात्रीचा. भाजलेल्याला धक्का न लावता कच्चा तेवढा उतरवायचा. ओर्लिंडानं मऊ फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं आणि आधी चाकाच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी लावलं. थोडं थांबली. मग पुसलं. फडकं काळं झालं, लाल होता तसाच राहिला.

"निघतंय!" ती ओरडली, पायरीवर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

एकेका चाकाला बहात्तर तारा. प्रत्येक तारेला फडकं गुंडाळायचं, खालून वर ओढायचं, फडकं बदलायचं. बोटांची सालं निघाली. मध्येच साबणाचं पाणी, मग पुन्हा टर्पेंटाइन. प्रिसिलाची तोंडाची टकळी चालूच होती. "एखादी तार सोडली असती तर हात झडले असते का गं तुझ्या सासूचे? काय नेटानं काम केलंय म्हातारीनं!"

अकरा वाजता तीन चाकं लाल झाली. मागचं उजवं तेवढं उरलं. ओर्लिंडा त्याच्यापुढे बसली तोच युफेमिया उठून जवळ आली. सकाळचा आवाज आता नव्हता.

"एवढं एक राहू दे. चर्चच्या दारात चार बायका मला विचारतील. सुनेनं तुझ्या पोरासाठी काहीच काळं ठेवलं नाही, म्हणतील."

ओर्लिंडा तिच्या काळ्या बोटाकडे बघत राहिली. मग तिनं फडकं बादलीत फेकलं.

"ठेवलं."

"डोकं फिरलंय का तुझं?" प्रिसिला किंचाळली. "तीन लाल, एक काळं! दात काढतील लोक."

"काढू देत."

युफेमियानं छातीवर क्रॉसची खूण केली, डोक्यावरची काळी जाळी सारखी केली आणि चर्चला गेली. चालताना ती बऱ्यापैकी खूश दिसत होती.

सव्वाबाराला प्रार्थना संपली. काळ्या झग्यातल्या बायका पायऱ्यांवर येऊन उभ्या राहिल्या, मधोमध युफेमिया. ओर्लिंडाची इम्पाला गाडी सगळ्यांच्या पुढे, मुंगीच्या पावलांनी आली. शेजारची सीट रिकामी, गाणी मात्र बेर्तोचीच, मोठ्यानं. बायकांना काळं चाक दिसलं. एकीनं समाधानानं मान हलवली. युफेमियानं हनुवटी वर केली.

वळणावर ओर्लिंडानं सासूकडे सरळ बघितलं आणि बटण दाबलं. डिकीतले पंप कण्हले, गाडी एका अंगावर कलली आणि मागचं उजवं चाक जमिनीवरून उठलं. वीतभर, मग हातभर. तिथंच लोंबकळत राहिलं.

उरलेल्या तीन लाल चाकांवर तिनं अख्खं चर्च ओलांडलं.