बीजपाकाचा नैवेद्य

"नव्वद दिवस बीजपाक चुकला नाही ना?" डॉ. घोरपडेबाईंनी विचारलं आणि रेवतीनं चोरून सासूबाईंकडे पाहिलं. थकलेल्या बीजांडांना तो पाक पुन्हा तरुण करायचा, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी आई होण्याची तिची तेवढीच आशा उरली होती.

"चुकला नाही," ती चाचरत म्हणाली, "पण रोज देवापुढे ठेवून मगच घ्यायचे. आणि प्रसाद एकटीनं कसा खायचा, म्हणून पहिला चमचा सासूबाईंना."

"औषधाचा नैवेद्य?" बाईंनी कपाळावर हात मारला.

"देवाला दाखवल्याशिवाय काही तोंडात घालू नये, असं कीर्तनात बुवा म्हणालेत," शेजारी बसलेल्या सासूबाई, सिंधूताई, ठामपणे म्हणाल्या. "त्यात औषध वगळा, असं नाही म्हणाले."

रेवतीची तपासणी झाली. पडद्यावर टपोरी, तजेलदार पाच बीजांडं दिसली आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. मग बाईंनी कुतूहलानं सासूबाईंनाही टेबलावर झोपवलं आणि पडद्याकडे बघतच राहिल्या.

"ताई, वय किती तुमचं?"

"श्रावणात एकोणसाठ सरतील."

"तुमची नऊ आहेत. सुनेपेक्षा तरतरीत."

रेवती रडता रडता हसू लागली. "आई, पाळणे दोन आणायचे का?"

"गप गं, चावट कुठली." सिंधूताई लाजून लालबुंद झाल्या. मग पदर सावरून उठल्या आणि दाराकडे बोट दाखवत म्हणाल्या,

"बाई, बाहेर बाकावर हिरव्या साडीतली एक पोर रडत बसलीय. तिची बीजांडं सगळी वाया गेली म्हणे. माझी तिला चालतील का, जरा विचारता?"