अगदी हळू आवाजात
चिखलीच्या म्हाताऱ्या चिमाजीने ट्रकच्या ट्यूबवर बांधलेली फळी बेटाच्या चिखलाला टेकवली आणि कोंडीरामच्या कानाशी तोंड नेलं.

"पिल्लं ल्हान हायती. आवाज करायचा न्हाई, बरं का."

कोंडीरामने मान डोलावली. अठरा वर्षं प्रेसशॉपला काढलेली. तिथं पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात बोलायचं तर गळा फाडावा लागतो. मानेवर भागलं तर बरंच.

गुरुवारची सुट्टी होती. इंद्रायणीच्या मधल्या या बेटावर माणूस राहत नाही, गुरंसुद्धा कुणी आणत नाही. कस्तुरा लग्न झाल्यापासून म्हणायची, एकदा ते बगळे दाखवा की. ओव्हरटाइमच्या नादात राहून गेलं. आणि आखाडात ती माहेरी निघून गेली. "सारखं अंगावर ओरडता," एवढंच म्हणाली. कोंडीरामला हा आळ फार लागला. बायकोवर आपण कधी आवाज चढवला नाही, हे तो देवासमोर शपथेवर सांगायला तयार होता. पण सांगायचं कुणाला? शिफ्ट संपवून आलं की चिंचवडची खोली खायला उठायची.

दोघं वाकून बाभळींखाली गेले. वर फांदीफांदीला घरटी. बगळे ये-जा करत होते, पिल्लं चोची वासून माना नाचवत होती. एवढी पाखरं, आणि सगळं कसं चिडीचूप. कोंडीरामला नवल वाटलं. मग त्याला भरूनच आलं. दिवाळीच्या आत तिला इथं आणायचं. असंच गपगार शेजारी बसायचं. तिचा सगळा राग निघून जाईल.

वरची नजर न काढता, अगदी हळू, तो पाठीमागच्या चिमाजीला म्हणाला, "कस्तुराला घेऊन येतो इथं."

अख्खं बेट उठलं. शे-दोनशे बगळे एकदम उधळले. एक पिल्लू घरट्यातून सुटून त्याच्या पायाशी पडलं.

"काय झालं? कोण आलं?" कोंडीराम गर्रकन वळला.

कुणीच आलं नव्हतं. चिमाजी दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबून, डोळे मिटून उभा होता.

कस्तुराही घरात अशीच उभी राहायची. तिचं डोकं फार दुखतं, असंच कोंडीराम इतकी वर्षं समजत आला होता.