आपला सर्व्हर

"ती कंपनी आपलं सगळं वाचते आणि विकते," नवरा उठताबसता सांगायचा. शेवटी नर्सचं काम करणाऱ्या त्याच्या बायकोने सगळं जग ज्या साइटवर होतं, तिथलं आपलं खातं बंद केलं. मैत्रिणी तिथेच राहिल्या. तिच्यासोबत नवऱ्याने घरीच उभारलेल्या नव्या साइटवर आली ती एकटी थोरली बहीण.

नवऱ्याने हौसेने सगळं जोडून दिलं. त्याच्या टेबलाखाली एक लहानसा डबा घरघरू लागला. "हा आपला सर्व्हर. आपली साइट ह्यावरच चालते, सगळे निरोप ह्यातच साठतात. इथे कंपनी नाही, कुणी मालक नाही. मनातलं बिनधास्त लिही."

तिने लिहिलं. त्याचा संशय, दंडावरचे वळ, दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात मिळालेली नोकरी, सगळं फक्त ताईला, खासगी निरोपात. लिहून तिला किती हलकं वाटलं! ताईचं लगेच उत्तर आलं, "रविवारच्या गाडीने निघ. मी स्टेशनवर येते."

संध्याकाळी ती ड्यूटीवरून परतली, तर नवऱ्याने चहा करून ठेवला होता. कप तिच्यापुढे सरकवत तो मायेने म्हणाला, "ताईंना कळव, रविवारी स्टेशनवर उगाच ताटकळत बसू नका म्हणावं."