गंकवा

“या घरात एक माणूस दुहेरी आयुष्य जगतोय,” खुर्चीवर उभं राहून मुलीने जाहीर केलं. “आज त्याचा बुरखा मी टराटरा फाडणार आहे.”

“फाड, पण खाली उतरू नकोस,” आई म्हणाली. “फरशी ओली आहे.”

पंधराव्या वर्षी माणसाला किती सोसावं लागतं, याची स्वयंपाकघरात कुणालाच कल्पना नव्हती.

मुलीच्या हातात तिच्या लाडक्या लेखिकेची नवी रहस्यकादंबरी होती. मालिकेतली सातवी. आधीच्या सहा तिला तोंडपाठ होत्या. एकशे बाराव्या पानावर नायिका खुनाच्या जागी पोचते, वाकते आणि पलंगाखालून एक गंकवा उचलते.

कंगवा नव्हे. गंकवा.

दोन वर्षांची असताना मुलगी कंगव्याला गंकवा म्हणाली होती. घरच्यांना ते इतकं गोड वाटलं, की त्यांनी मूळ शब्द कायमचा मोडीत काढला. पुढे शाळेच्या सहलीत तिने भर बसमध्ये “कुणाकडे गंकवा आहे का?” असं विचारलं आणि पन्नास जणांना परतीच्या प्रवासापर्यंत पुरेल एवढं हसू मिळालं. साऱ्या जगात हा शब्द वापरणारी माणसं चारच, आणि त्यातली एक ती स्वतः.

पुस्तक कुणी का लिहीना. घोर वेगळाच होता. गेली दोन वर्षं ती या लेखिकेला प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्रं पाठवत होती. अकरा पत्रं. गणितात पडलेला भोपळा, जिवाभावाच्या मैत्रिणीने धरलेला अबोला, न्हाणीघरात नळ सोडून रडणं, म्हणजे घरात चुकूनही कुणाला सांगू नये असं सगळं. लेखिकाताईंनी एकूण एक पत्राला टाइप केलेलं उत्तर दिलं होतं. आणि ती अकरा पत्रं आता या तिघांपैकी कुणाच्या तरी कपाटात होती.

“आई, तू?”

आईने फडकं पिळलं. “मला एकच आयुष्य आवरता आवरत नाही. दुसरं कुठे मांडून ठेवू?”

“आजोबा?”

“हो, मीच,” आजोबांनी पेपरामागून तत्परतेने गुन्हा कबूल केला. मग विचारलं, “काय केलं म्हणे मी?”

“पुस्तक लिहिलंय.”

“छे, छे. मला वाटलं, बिस्किटांचं काही आहे.”

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. कादंबरीतल्या संशयितांचे चेहरे पांढरेफटक पडतात, हातातला पेला खळ्ळकन फुटतो. इथे कुणी मान वर करायला तयार नाही!

उरले बाबा. बाबा नळदुरुस्ती करायचे. आत्ताही ते सिंकखाली शिरले होते आणि त्यांचे फक्त पाय बाहेर होते. दिवसाला सरासरी चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यातली दोन वॉशरविषयी. त्यांना विचारायचं ते केवळ चौकशी अर्धवट राहू नये म्हणून.

“बाबा, हे पुस्तक तुम्ही लिहिलंत का?”

सिंकखालची खुडबूड थांबली.

“कितवं पान?” पायांनी विचारलं.

मुलगी मटकन खुर्चीत बसली. “एकशे बारा.”

“तरी मुद्रितं तपासणाऱ्याने खूण केली होती,” आतून आवाज आला. “मी म्हटलं, शब्द बरोबर आहे, राहू द्या.”

आईचं फडकं बादलीत पडलं. “अहो! म्हणजे दर गुरुवारी त्या डॉक्टरीणबाईंचा गीझर...”

“वाचनालयात बसतो.”

“चार वर्षं मी त्या बाईला निरोप धाडतेय, नवा घ्या म्हणून!”

“मी पोचवले नाहीत.”

“आणि लिहायला बाईचं नाव कशाला घेतलंत?”

“प्रकाशक म्हणाले, नळवाल्याचं पुस्तक मुली वाचणार नाहीत.”

मुलीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती मनातल्या मनात अकरा पत्रं भराभर वाचून काढत होती. नववं. अरे देवा, नववं.

“माझी पत्रं वाचलीत तुम्ही!”

“तूच पाठवलीस.”

“मी ताईंना पाठवली! नवव्या पत्रात मी लिहिलं होतं, की माझ्या बाबांना मी घरात असले काय नि...”

आजोबांनी पेपर खाली घेतला.

“त्याच्या उत्तराला मला तीन गुरुवार लागले,” बाबा म्हणाले.

ते उत्तर तिला पाठ होतं. ताईंनी लिहिलं होतं, एकदा बाबांजवळ जाऊन बस. ते वाटच बघत असतील. त्यावर दहाव्या पत्रात तिने ताईंना फटकारलं होतं, की तुमच्याविषयी आदर आहे, पण माझ्या बाबांना तुम्ही ओळखत नाही.

“आता मी सगळं कुणाला सांगू?” ती ओरडली. संताप होता की आणखी काही, तिचं तिलाच कळेना. “एकच माणूस होतं माझं! तेसुद्धा तुम्हीच निघालात!”

मग बाबा पाठीवर घसरत बाहेर आले, उठून बसले आणि पुसलेले हात पुन्हा पुसत राहिले.

“पुढच्या पत्रात,” ते ओल्या फरशीकडे बघत म्हणाले, “अक्षर तेवढं जरा मोठं काढ. बारीक मला लागत नाही.”