धोंडीबाईची बरणी

"काचेवर टकटक करू नका," भूमिका म्हणाली, आणि चटका बसल्यासारखं अनिलनं बोट मागं घेतलं.

ओटीवरच्या सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मुलगी बघायला आलेल्या मुलाला मुलीनंच दटावलं, असं अख्ख्या शहापुरात धाऊनं कधी ऐकलं नव्हतं. त्यातून दटावणारी त्याचीच लेक. बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. दाराआड चहा घेऊन उभ्या असलेल्या तिच्या आईनं, काशीनं, कपाळाला हात लावला.

अनिलची आई धोंडीबाई मघापासून त्या काचेच्या टाकीकडंच बघत होती. मासे ठीक होते, रंगीत, गोजिरवाणे. पण मध्ये ते ओढ्यातलं लांब पानांचं गवत कशाला, आणि काचेला चिकटून सावकाश सरकणाऱ्या त्या शंखाच्या गोगलगायी कशाला? तिनं नाक मुरडलं.

"आमच्या खाचरात ह्या पायाखाली येतात, आन् तुमी घरात पोसता? लग्नानंतर ही घाण आमच्यात चालायची नाय. आत्ताच सांगते."

धाऊ घाईघाईनं म्हणाला, टाकीचं काय एवढं, देऊन टाकू कुणाला तरी. आधीची दोन स्थळं याच टाकीपायी हातची गेली होती आणि हे तिसरं तो सोडायला तयार नव्हता. मुरबाडच्या एमआयडीसीत कायमची नोकरी, घरची भातशेती, मुलगा साधा सरळ. आणखी काय हवं माणसाला?

भूमिकाला टाकी हवी होती. मेडिकलच्या दुकानात दिवसभर उभं राहून मिळवलेल्या पगारातून तिनं ती घेतली होती. तानशाकडच्या ओढ्यात उतरून गवत स्वतः मुळासकट उपटून आणलं होतं. आपण जिथं जाऊ तिथं टाकी जाणार, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की वाद घालायची तिला गरजच वाटेना.

ती उठली. बांगड्या वर सरकवल्या, नव्या साडीचा पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात टाकीत घातला. गवताचा एक झुबका मुळासकट वर आला. दोन गोगलगायी काचेवरून अलगद सुटल्या. सगळं पाण्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं तोंडाला रबर लावलं आणि पिशवी अनिलच्या पोह्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"महिनाभर सांभाळा. जगलं, तर उत्तर न्यायला या. नाय जगलं, तर उगाच हेलपाटा नको."

धोंडीबाई ताडकन उठली. बघायला कोण आलंय आणि परीक्षा कुणाची चाललीय, असं पुटपुटत ती चपला शोधू लागली. अनिल मात्र रेंगाळला. पिशवी उचलून त्यानं उजेडात धरली आणि हळूच विचारलं, पाणी रोज बदलायचं का.

अजिबात नाय, भूमिका म्हणाली. पानं गळतील, घाबरायचं नाय. मूळ धरेपर्यंत सारखा हात लावायचा नाय.

महिना सरत आला. धाऊनं लेकीशी बोलणं टाकलं होतं. काशी येता-जाता टाकीला शिव्या घालत होती आणि माशांना खाणंही तीच घालत होती. भूमिका ताठ मानेनं दुकानात जात-येत होती. फक्त मुरबाडची एसटी आली की तिची नजर काउंटरवरून रस्त्याकडं वळायची, हे खरं. मुलगा तिला आवडला होता. एवढा अपमान गिळून वर पाणी कसं बदलायचं विचारणारा माणूस रोज कुठं भेटतो?

रविवारी दोघं आले. धोंडीबाई पुढं, अनिल मागं. धोंडीबाईच्या पदराखाली काहीतरी होतं आणि गुडघ्यावर लुगडं भिजलेलं. बसल्या बसल्या तिनं स्टुलावर लोणच्याची काचेची बरणी ठेवली.

जुनं पान त्यात एकही उरलं नव्हतं. बुंध्यातून मात्र बोटभर नवी पाती फुटली होती, आणि काचेवर गोगलगायींची मोहरीएवढाली पिल्लं चिकटली होती.

धोंडीबाईनं तक्रारींचा पाढाच वाचला. हा पोरगा सांगूनसवरून रोज तांब्यानं पाणी बदलायचा. पानं सडली तसा रडकुंडीला आला. शेवटी तिनंच त्याच्या हातून बरणी काढून घेतली आणि खिडकीत नेऊन ठेवली. आता सकाळी उठलं की आधी ह्यांची तोंडं बघावी लागतात. एसटीत तर असे धक्के, मुरबाडपासून बरणीवरचा हात काढला नाय.

भूमिकानं अनिलकडं पाहिलं. "सांगितलं होतं ना, बदलू नका म्हणून?"

"भीती वाटायची," अनिल म्हणाला. "मेलं असतं तर इथं आलो कसा असतो?"

भूमिकाला हसू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. कोपऱ्यात बसलेल्या धाऊनं कितीतरी दिवसांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"हसतेस काय, उत्तर दे गो लवकर," धोंडीबाई म्हणाली. "कैऱ्या उतरवून ठेवल्यात. माजी बरणी अडकलीय."

"देते की," भूमिका बांगड्या वर सरकवत म्हणाली. "आधी तुमची बरणी मोकळी करते. हे सगळं माझ्या टाकीत सोडते."

तिचा हात पोचायच्या आत धोंडीबाईनं बरणी उचलून पोटाशी धरली आणि वरून पदर ओढून घेतला.

"तुजी टाकी तू घेऊन ये," ती म्हणाली. "ही माजी हाय."